तरुण फाळके : ठसे, पडदे आणि लेखणी

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच प्रसंग उभा राहतो. १९१०-११ च्या सुमारास मुंबईतील गिरगावच्या एका चित्रपटगृहात चाळिशीचा एक गृहस्थ ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहत बसला आहे. पडद्यावर ख्रिस्त हिंडतो आहे आणि या प्रेक्षकाच्या अंतःचक्षूंपुढे मात्र गोकुळ, अयोध्या, राम आणि कृष्ण साकार होत आहेत. आपल्या देवतांच्या लीला अशा पडद्यावर कधी दिसतील, या एका ध्यासातून पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला आणि भारतीय चित्रपटाचा जन्म झाला, अशी ही कथा आहे. शाळेतील पाठांतून, जयंतीच्या भाषणांतून आणि स्मरणिकांतून ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला आता आख्यानाचे रूप आले आहे.

ही कथा खोटी नाही. ती स्वतः फाळक्यांनीच लिहून ठेवली आहे. परंतु ती अपुरी आहे. तो मूकपट मुंबईतील असंख्य लोकांनी पाहिला. त्यांतील कित्येकांना रामकृष्णांची आठवणही झाली असेल. त्या आठवणीचे पुढे फिल्मच्या रिळांत रूपांतर करणारा मनुष्य मात्र एकच निघाला. तो एकच का निघाला, हा इतिहासाचा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर चित्रपटगृहातील त्या सायंकाळी सापडत नाही; ते तिच्या मागील पंचवीस वर्षांत, फाळक्यांच्या तारुण्यात शोधावे लागते. या पंचवीस वर्षांत त्यांनी चित्रे काढली, इमारतींचे नमुने केले, छायाचित्रे घेतली, नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे प्रयोग केले, ठसे कोरले आणि छापखाना चालविला. चरित्रकार या उद्योगांची गणना ‘धडपड’ या एका शब्दात करून पुढे जातात. ही धडपड म्हणजेच त्यांचे पहिले कर्तृत्व होते, आणि तिचा पाया महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी राजधानीत घातला गेला, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. पुढे ते अध्यापनासाठी मुंबईस आले. घरात पुराणे होती, स्तोत्रे होती, पाठशाळेचे वळण होते. अशा घरातील मुलाने शास्त्री व्हावे, किंवा काळ ओळखून इंग्रजी शिकून सरकारी नोकरी धरावी, हे त्या पिढीचे दोन ठरलेले मार्ग होते. धुंडिराज वयाच्या पंधराव्या वर्षी, १८८५ मध्ये, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. शास्त्र्याच्या मुलाने कुंचला हाती धरणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. चित्रे काढणे, मूर्ती घडविणे, रंग खलणे ही कामे कारागिरांची मानली जात. विद्या निराळी आणि हस्तकौशल्य निराळे, ही विभागणी आपल्या समाजात जातीच्या विभागणीइतकीच पक्की होती.

ही विभागणी मोडण्याचा एक जाणीवपूर्वक प्रयत्न त्याच सुमारास बडोद्यास चालू होता. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये तेथे ‘कलाभवन’ स्थापन केले. त्याचे पहिले प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. एका रसायनशास्त्रज्ञाच्या हाती सोपविलेल्या संस्थेचे नाव ‘कलाभवन’ असावे, यातच तिचे सारे तत्त्व आले. चित्रकला, वास्तुविद्या, यंत्रविद्या आणि रंगरसायन ही तेथे एका छपराखाली नांदत होती, आणि धंदेशिक्षण देशी भाषेतून दिले पाहिजे असा गज्जरांचा आग्रह होता. ‘कला’ या शब्दाचा चौसष्ट कलांच्या यादीतील जो जुना, व्यापक अर्थ आहे, तो कलाभवनाने आधुनिक यंत्रयुगात पुन्हा प्रचारात आणला, असे म्हणावयास हरकत नाही.

फाळके आपले थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासमवेत बडोद्यास गेले आणि या कलाभवनात शिकले. तैलरंग व जलरंग यांतील चित्रण, वास्तुरेखन, मूर्तींचे व नमुन्यांचे काम हे विषय त्यांनी तेथे आत्मसात केले. याच काळात त्यांनी छायाचित्रणाचा कॅमेरा मिळविला आणि ते प्रयोग करू लागले. गज्जरांनी या विद्यार्थ्याची ओढ ओळखली. कलाभवनातील छायाचित्रणाची प्रयोगशाळा त्यांनी त्यास मोकळी करून दिली आणि तिरंगी ठसे व छायाशिळामुद्रण यांचे तंत्र शिकण्यासाठी त्यास रतलामला धाडले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळक्यांनी आदर्श नाट्यगृहाचा एक नमुना मांडला आणि त्यास सुवर्णपदक मिळाले. बावीस वर्षांच्या तरुणाची ही पहिली सार्वजनिक कृती. तीत वास्तुविद्या होती, मूर्तिकाम होते आणि रंगभूमीचा विचारही होता. एका कृतीत तीन विद्यांचा संगम करण्याची त्यांची पुढील आयुष्यातील रीत येथेच दिसू लागते.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. याच वर्षांत राजा रविवर्मा यांची पौराणिक चित्रे बडोद्याच्या राजवाड्यासाठी तयार होत होती. १८८८ च्या सुमारास सयाजीरावांनी त्यांना अशी चौदा चित्रे काढण्यास सांगितले होते. पुराणातील प्रसंग मानवी देहाच्या, खऱ्या वस्त्रांच्या आणि खऱ्या छायाप्रकाशाच्या भाषेत सांगता येतो, हा या चित्रांचा मोठा धडा होता. बडोद्यात शिकणाऱ्या कोणाही तरुण चित्रकाराच्या दृष्टीवर त्याचा संस्कार झाल्यावाचून राहिला नसेल. फाळक्यांच्या बाबतीत तर हा संबंध पुढे प्रत्यक्ष व्यवसायाचा झाला.

२

शिक्षणानंतरची वर्षे लौकिक दृष्ट्या अपयशाची आहेत. फाळक्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. १९०० च्या प्लेगात त्यांची पत्नी व मूल दगावले आणि ते गोध्रा सोडून बडोद्यास परतले. तेथेही धंदा चालला नाही. छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती क्षीण होते, आयुष्य घटते, असा समज लोकांत पसरलेला होता. मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यास घेतले. या कामामुळे रंगभूमीचा आतला व्यवहार त्यांना जवळून पाहावयास मिळाला. एका परदेशी जादूगाराकडून ते हातचलाखीची विद्या शिकले आणि पुढे ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोगही करू लागले. स्वतःच्या आडनावातील अक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव त्यांच्या विनोदबुद्धीची साक्ष देते.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा उल्लेख पुढे यावयाचाच आहे. १९०३ मध्ये फाळके सरकारी पुराणवस्तु खात्यात छायाचित्रकार व नकाशानवीस म्हणून लागले. पगार नियमित होता, काम आवडीचे होते. तथापि वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत, १९०६ च्या सुमारास, त्यांनी ही नोकरी सोडली आणि लोणावळ्यास ठसे व छपाईचा कारखाना काढला. लोणावळ्याजवळच मळवली येथे रविवर्म्यांचा प्रसिद्ध शिळाछापखाना होता. त्याच्यासाठी फाळक्यांनी ठशांचे काम केले. पुढे हा उद्योग मुंबईस, दादरकडे आला. १९०९ मध्ये फाळके जर्मनीस जाऊन रंगीत छपाईची नवी यंत्रे घेऊन आले. ‘सुवर्णमाला’ या सचित्र प्रकाशनातून त्यांच्या मुद्रणकौशल्याचा लौकिक झाला. पण भागीदारांशी बेबनाव होऊन त्यांनी आपणच वाढविलेला हा छापखाना सोडला.

व्यापाऱ्याच्या खातेवहीत या सर्व व्यवसायांपुढे तोटाच मांडावा लागेल. परंतु त्यांत शिकलेल्या गोष्टींची यादी केली तर निराळेच चित्र दिसते. पडदे रंगविणाऱ्यास दृश्याची खोली कळली. जादूगारास प्रेक्षकाचे लक्ष कोठे गुंतवावे आणि कोठून काढून घ्यावे, याचे मर्म कळले. पुराणवस्तु खात्यातील छायाचित्रकारास जुन्या शिल्पांतील वेषभूषा व अलंकार जवळून पाहता आले. ठसे करणारा मनुष्य दिवसभर काळोखाच्या खोलीत रसायनांशी खेळत असतो. एकाच चित्राच्या अनेक प्रती अचूकपणे कशा काढाव्यात, हाच त्याचा धंदा. चित्रपट म्हणजे या चारही विद्यांची बेरीज. ती करण्याची पात्रता १९११ च्या हिंदुस्थानात ज्या थोड्या लोकांच्या अंगी होती, त्यांत फाळक्यांचे स्थान फार वरचे होते.

त्यांना स्वतःलाही याची पुरी जाणीव होती. चित्रपटाच्या धंद्यात उडी घेताना आपणास धीर कशाचा होता, हे सांगताना त्यांनी चित्रकला, वास्तुकला, छायाचित्रण, नाट्य व जादू या विद्यांचा आणि त्यांत मिळालेल्या पदकांचा नामनिर्देश केला आहे. आख्यान सांगणारे लोक त्यांच्या लेखातील दृष्टान्त तेवढा उचलतात आणि ही यादी सोडून देतात.

३

त्यापुढील हकीकत अधिक परिचित असल्यामुळे थोडक्यात सांगतो. काही महिने फाळके मिळेल तो चित्रपट पाहत होते आणि परदेशी सूचिपत्रे व पुस्तके मागवून अभ्यास करीत होते. अतिश्रमाने त्यांचे डोळे बिघडले, काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथील ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी प्रथम त्यांना या धाडसापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मात्र त्यांची चिकाटी पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांचा प्रवेश करून दिला. तेथे थोडे दिवस काम पाहून, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची खरेदी करून ते एप्रिलच्या आरंभी मुंबईस परतले.

इतक्या अल्प मुदतीत मनुष्य चित्रपटाची विद्या शिकत नसतो. जी विद्या आधीच हाती आहे, तिला नव्या यंत्राची सवय करून घेण्यास मात्र एवढा काळ पुरतो. फाळक्यांचे तसेच झाले. धनिकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी घरीच ‘अंकुराची वाढ’ हा एक लहानसा पट तयार केला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोज एक चित्र घेत ते महिनाभराहून अधिक काळ बसले. पडद्यावर तो वाटाणा एका-दीड मिनिटात अंकुरून वेल होऊन वर चढला. यात छायाचित्रकाराची शिस्त होती, जादूगाराचा मिस्कीलपणा होता आणि शिक्षकाची दृष्टीही होती. हिंदुस्थानी चित्रपटाची ही पहिली पाने पुराणाची नसून वनस्पतिशास्त्राची आहेत, ही गोष्ट आमच्या शिक्षकबंधूंनी अवश्य लक्षात ठेवावी. पुढे आगकाड्यांना नाचविणारा ‘आगकाड्यांची मौज’ आणि ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे बोधपटही त्यांनी काढले.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. दादरच्या राहत्या जागीच चित्रशाळा होती. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दाबके यांनी केली. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके या तरुणास साडी नेसावी लागली. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. कथानक लिहिणे, अभिनय शिकविणे, पडदे रंगविणे, कॅमेरा फिरविणे, फिल्म धुणे आणि जोडणे, ही सर्व कामे फाळके स्वतः करीत. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळून रात्री फिल्मला भोके पाडीत व रसायने तयार करीत. त्यांचे दागिने तर आधीच भांडवलात गेले होते. या गृहिणीच्या कारागिरीची नोंद आपल्या इतिहासात अद्याप एका वाक्यापलीकडे गेलेली नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या चित्रपटाची पहिली व शेवटची रिळे म्हणून जो भाग जतन केलेला आहे, तो मूळचा की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो कोणत्याही वर्षाचा असो, त्यात फाळक्यांच्या तारुण्यातील सारे उद्योग ओळखू येतात. आरंभीच्या दृश्यातील राजा, राणी व राजपुत्र यांची मांडणी रविवर्म्यांच्या चित्रचौकटीची आठवण करून देते. राजवाड्याच्या मागील पडद्यांवर नाटक मंडळीच्या रंगाऱ्याचा हात दिसतो. विश्वामित्राच्या यज्ञाच्या ज्वाळांतून शक्ती प्रकट होतात व शेवटी शंकर अवतरून अदृश्य होतो, तेथे प्रोफेसर केळफा हजर आहेत.

येथे एका वादाचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी याच कॉरोनेशनमध्ये दाखविला गेला होता, आणि त्याच्याही आधी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चलच्चित्र घेतले होते. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते, म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे जातो, असे सामान्यतः मानतात. आमच्या मते पहिला कोण, या प्रश्नाला फाजील महत्त्व आले आहे. फाळक्यांचा खरा विशेष असा की, कच्च्या फिल्मपासून प्रेक्षकाच्या डोळ्यापर्यंतची संपूर्ण साखळी त्यांनी एका घरात उभी केली आणि नंतर वर्षानुवर्षे ती चालविली. नाशिकला गेल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) असे एकामागून एक पट निघाले, ते या साखळीच्या बळावर.

४

आता लेखणीकडे वळू. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. आज आपणास त्यांच्या आरंभीच्या खटपटींची जी माहिती आहे, तिचा मोठा भाग या लेखांतून आला आहे. असे असून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात निबंधकार म्हणून फाळक्यांना ओळभर जागाही सहसा मिळत नाही. १९२० नंतर काशीत असताना त्यांनी लिहिलेले ‘रंगभूमि’ हे नाटकही असेच विस्मरणात गेले आहे.

ही उपेक्षा समजण्यासारखी असली तरी समर्थनीय नाही. आपल्याकडे निबंधाची परंपरा चिपळूणकर-आगरकरांपासून विचारांची व वादविवादांची राहिली. स्वतःच्या हातांनी एखादा नवा उद्योग उभारणाऱ्या मनुष्याने त्या उद्योगाचे मर्म मराठीत सांगावे, असे लेखन आपल्याजवळ फार थोडे आहे. फाळक्यांच्या लेखांत स्वदेशीचा अभिमान आहे, धार्मिक भावना आहे आणि अडचणींचे रसभरित वर्णनही आहे. त्याबरोबरच नट कसे असावेत, भांडवल का मिळत नाही आणि या धंद्यात कोणत्या गुणांची गरज लागते, याची कारागिराच्या नजरेतून केलेली चर्चा आहे. ज्या काळी चित्रपटासाठी मराठीत शब्दही स्थिरावले नव्हते, त्या काळी त्यांनी हा विषय सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत मांडला. विद्या देशी भाषेतून द्यावी, हे कलाभवनाचे ब्रीद त्यांच्या या शिष्याने आपल्या परीने पाळले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

तथापि गुणांबरोबर त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्व काही स्वतः करणारा मनुष्य इतरांच्या हाती काम सोपवू शकत नाही. छापखान्यात भागीदारांशी जे झाले, तेच १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत पुन्हा झाले. फाळके मतभेदामुळे बाहेर पडले, परत आले, पण पूर्वीची सत्ता उरली नाही. धंदा वाढत होता, कामाची वाटणी होत होती. एका घरातील कारखान्याचे दिवस संपत आले होते. बोलपटाच्या आगमनाने उरलेसुरले संपविले. मूक म्हणून तयार झालेल्या ‘सेतुबंधन’ला (१९३२) मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापुरास केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या गुणाने त्यांना उभे केले, त्याच गुणाने त्यांना एकटे पाडले. हे त्यांच्या चरित्रातील शोकनाट्य होय.

परंतु त्यांची रीत त्यांच्याबरोबर संपली नाही. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगविता रंगविता कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही तेच रंगवीत. मराठी चित्रपटाची पहिली पिढी रंगाऱ्यांच्या, सुतारांच्या आणि ठसे करणाऱ्यांच्या कामाच्या जागांतून आली. साहित्यिक तिच्याकडे नंतर वळले.

फाळक्यांच्या तारुण्याचा हा वृत्तान्त केवळ चरित्रातील एक गाळलेली जागा भरण्यासाठी सांगितलेला नाही. आपल्या परिषदा, अकादमी व विद्यालये यांनी वाङ्मय एकीकडे, चित्रकला दुसरीकडे आणि यंत्रविद्या तिसरीकडे अशा भिंती घातल्या आहेत. कलाभवनाची इमारत पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेकडे गेली. तेथे शिकून गेलेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी कोणत्या शाखेचा, या प्रश्नास आजच्या कोणत्याही वेळापत्रकात उत्तर नाही. तो चित्रकार होता, मुद्रक होता, जादूगार होता, लेखक होता, आणि म्हणूनच चित्रपटकार झाला. विद्यार्थ्यांना हरिश्चंद्राची गोष्ट सांगताना गिरगावातील त्या सायंकाळीबरोबर रतलामचे ठसे, गोध्र्याचे छायाचित्रणाचे दुकान आणि कुंडीतला वाटाणाही सांगावा. चार धंद्यांत हात पोळलेला एखादा तरुण आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला असेल, तर त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यामुळे थोडी तरी बदलेल. ‘नवयुग’मधील त्या लेखांना मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात स्थान देणे हे तर आपल्याच हाती आहे. त्यासाठी कोणत्याही कॅमेऱ्याची किंवा भांडवलाची आवश्यकता नाही.